आटलेल्या नद्यांचा ग्रह

वैशाखात एखादी नदी पार आटून जाते. पात्रात पाण्याचा टिपूसही राहात नाही. तरी त्या कोरड्या पात्रातून चालणाऱ्या माणसाला, येथे एकदा नदी वाहात होती, हे कोणी सांगावे लागत नाही. पायांखाली गुळगुळीत गोटे लागतात. वळणाच्या आतल्या अंगाला वाळूचा थर साचलेला दिसतो. खोलगट जागी चिखल सुकून त्याला भेगा पडलेल्या असतात. आणि काठच्या खडकावर क्षारांच्या पांढऱ्या रेघा उमटलेल्या असतात. पाणी निघून गेले, परंतु आपल्या खुणा मागे ठेवून गेले.

आपल्या शेजारच्या मंगळ ग्रहावर शास्त्रज्ञ गेली अनेक दशके जे काम करीत आहेत, ते याहून फारसे निराळे नाही. ते एका आटलेल्या नदीच्या पात्रातून चालत आहेत. फरक इतकाच की, ही नदी आटून तीनशे कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत; आणि ज्यांना तिचा माग काढावयाचा आहे त्यांना तेथे स्वतः पाऊल ठेवता येत नाही. जवळात जवळ आला असतानाही मंगळ आपल्यापासून सुमारे साडेपाच कोटी किलोमीटर दूर असतो. म्हणून त्यांनी आपल्या ऐवजी यंत्रे धाडली आणि यंत्रांच्या डोळ्यांनी दगड वाचावयास आरंभ केला.

मंगळाचा व्यास सुमारे ६,७८० किलोमीटर, म्हणजे पृथ्वीच्या निम्म्याहून थोडा अधिक. त्याचा दिवस आपल्या दिवसापेक्षा केवळ चाळीस मिनिटांनी मोठा. वर्ष मात्र आपल्या ६८७ दिवसांचे. तेथे हवा आहे, पण अत्यंत विरळ. तिचा दाब पृथ्वीवरील हवेच्या दाबाच्या एक शतांशाहूनही कमी, आणि तीत बहुतांश कार्बन डायऑक्साइड. सरासरी तापमान शून्याखाली साठ अंशांच्या आसपास. अशा भूमीवर तांब्याभर पाणी ओतले, तर काही उकळून हवेत उडून जाईल आणि उरलेले क्षणात गोठेल. ओघळ म्हणून ते वाहणार नाही. आणि तरीही तेथे एके काळी नद्या वाहात होत्या, सरोवरे भरली होती, असे आज शास्त्रज्ञ निःशंकपणे म्हणतात. हे त्यांना कसे कळले, त्याची कथा मोठी उद्बोधक आहे. कारण तीत शोध जितके आहेत तितक्याच चुकाही आहेत.

कालव्यांचा भ्रम

ही कथा दुर्बिणीपासून सुरू होते. रोम येथील येशूसंघीयांच्या वेधशाळेचे प्रमुख फादर अँजेलो सेक्की यांनी १८५८ साली मंगळाची रंगीत चित्रे काढली. ग्रहावरील एका मोठ्या काळसर डागाला त्यांनी ‘कनाले’ हा इटालियन शब्द योजला. पुढे १८७७ साली मंगळ पृथ्वीच्या जवळ आला असता मिलान येथील ज्योतिर्विद जोव्हान्नी स्किआपारेल्ली यांनी त्याचा तपशीलवार नकाशा तयार केला. त्यांना ग्रहावर बारीक रेषांचे जाळे दिसले, आणि त्यांनीही ‘कनाली’ असाच शब्द वापरला. इटालियन भाषेत ह्या शब्दाने निसर्गनिर्मित प्रवाहमार्गही सांगता येतो आणि माणसाने खणलेला कालवाही. इंग्रजीत उतरताना मात्र पहिला अर्थ गळून पडला आणि दुसरा तेवढा राहिला. कालवा म्हटला की खणणारा आलाच!

अमेरिकेतील धनिक पर्सिव्हल लोवेल यांच्या मनाने ह्या कल्पनेचा ठाव घेतला. त्यांनी १८९४ साली ॲरिझोना प्रांतातील फ्लॅगस्टाफ येथे स्वखर्चाने वेधशाळा उभारली आणि वर्षानुवर्षे मंगळ न्याहाळला. मंगळ वाळत चालला आहे; तेथील बुद्धिमान रहिवासी ध्रुवांवरील बर्फाचे पाणी कालव्यांनी विषुववृत्तापर्यंत आणून कशीबशी शेती जगवीत आहेत, असे चित्र त्यांनी आपल्या ग्रंथांतून रंगविले. लोक मोहून गेले. परंतु आल्फ्रेड रसेल वॉलेस यांनी, म्हणजे डार्विनबरोबरच स्वतंत्रपणे नैसर्गिक निवडीचा सिद्धांत मांडणाऱ्या त्या निसर्गशास्त्रज्ञांनी, १९०७ साली एक पुस्तक लिहून लोवेल यांचे मत खोडून काढले. इतक्या थंड आणि विरळ हवेच्या ग्रहावर उघड्या कालव्यांतून वाळवंटापार पाणी नेणे अशक्य आहे, असे त्यांचे म्हणणे. १९०९ साली पॅरिसजवळील म्यूदों येथून यूजेन आंतोनियादी यांनी मोठ्या दुर्बिणीतून पाहिले, तेव्हा त्या सरळ रेषा विरून गेल्या; त्यांच्या जागी वेडेवाकडे, तुटक डाग तेवढे राहिले.

लोवेल लबाड नव्हते. त्यांनी कष्ट केले, पैसा खर्चला, रात्री जागविल्या. परंतु अंधुक ठिपक्यांना जोडून रेषा काढण्याची मानवी डोळ्याला खोड आहे, आणि मनात जे आधीच ठरलेले असते ते त्या रेषांत दिसू लागते. मंगळाच्या शोधात हा धडा पुढेही अनेकदा गिरवावा लागला.

निराशा आणि नवी आशा

जुलै १९६५ मध्ये अमेरिकेचे ‘मरिनर ४’ हे यान मंगळाच्या जवळून गेले आणि त्याने एकवीस छायाचित्रे पाठविली. त्यांत कालवे नव्हते, शेते नव्हती. होती ती चंद्रासारखी विवरांनी भरलेली उजाड भूमी. हवेचा दाबही अपेक्षेपेक्षा फारच कमी भरला. मंगळ हा जन्मापासूनच मृत गोळा असावा, असे पुष्कळांना वाटू लागले. खरे पाहता त्या चित्रांत ग्रहाचा अगदी लहानसा भाग आला होता. परंतु निराशाही आशेइतकीच उतावळी असते.

नोव्हेंबर १९७१ मध्ये ‘मरिनर ९’ मंगळाभोवती फिरू लागले. दुसऱ्या ग्रहाची प्रदक्षिणा करणारे हे पहिले यान. ते पोचले तेव्हा सगळा ग्रह धुळीच्या वादळाने झाकलेला होता. शास्त्रज्ञ थांबले. वादळ शमले, धूळ खाली बसली, आणि हळूहळू प्रचंड ज्वालामुखी, सुमारे चार हजार किलोमीटर लांबीची एक अजस्र दरी, आणि ज्यांची कोणी कल्पनाही केली नव्हती अशा कोरड्या नद्यांच्या घळी दिसू लागल्या. लहान ओढे मोठ्या ओढ्यांस मिळत होते, मोठे ओढे नदीस मिळत होते; झाडाच्या फांद्यांसारखी ती रचना पृथ्वीवर पाण्याशिवाय सहसा कोणी घडवीत नाही. अशा रीतीने माणसाने कल्पिलेले कालवे पुसले गेले आणि निसर्गाने कोरलेल्या नद्या सापडल्या.

१९७६ साली दोन ‘व्हायकिंग’ याने मंगळावर उतरली. त्यांनी तेथील हवेतील वायूंचे प्रमाण मोजून पाठविले. ह्या मोजमापाचा एक अनपेक्षित उपयोग झाला, आणि त्याचा धागा भारतात येऊन पोचतो. २५ ऑगस्ट १८६५ रोजी बिहारमधील गयेजवळच्या शेरघाटी येथे आकाशातून एक दगड पडला होता. त्याच्याच जातीच्या, अंटार्क्टिकात सापडलेल्या एका दगडात वायूचे सूक्ष्म कण कोंडलेले होते. १९८३ साली ते तपासले असता त्यांचे प्रमाण व्हायकिंगने मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळले! म्हणजे हे दगड मंगळावरून आलेले. एखाद्या उल्केच्या प्रचंड आघाताने तेथून उडालेले आणि अवकाशात भटकून पृथ्वीवर पडलेले. ह्या साऱ्या जातीला आज शेरघाटीचेच नाव आहे. १९११ साली इजिप्तमधील नाखला येथे पडलेला दगडही मंगळाचाच ठरला. त्याच्या भेगांत तर पाण्याच्या संपर्काने तयार झालेली मातकट खनिजे आढळली. ज्या पाण्याच्या शोधार्थ माणूस कोट्यवधी कोस धावत होता, त्याची साक्ष अशी आधीच आपल्या दारी येऊन पडली होती.

दगडांची साक्ष

तरी आकाशातून घळी पाहणे वेगळे आणि दगड हाताळणे वेगळे. जानेवारी २००४ मध्ये ‘स्पिरिट’ आणि ‘ऑपॉर्च्युनिटी’ ह्या दोन यांत्रिक गाड्या मंगळाच्या दोन बाजूंना उतरल्या. प्रत्येकीचे नियोजित आयुष्य नव्वद दिवसांचे होते.

‘ऑपॉर्च्युनिटी’चे भाग्य थोर. ती योगायोगाने एका लहानशा विवरात उतरली आणि समोरच थरांचा खडक उघडा पडलेला! त्या खडकात मिरीएवढ्या असंख्य गोल गोळ्या रुतलेल्या होत्या. त्या हेमॅटाइट ह्या लोहखनिजाच्या निघाल्या; जमिनीत मुरलेले पाणी खडकाच्या छिद्रांतून झिरपताना अशा गोळ्या बनतात. त्याच खडकात जॅरोसाइट हे खनिज सापडले. ते आम्लयुक्त पाण्याशिवाय तयार होत नाही. पाण्याची साक्ष प्रथमच प्रत्यक्ष जागेवर मिळाली होती. ही गाडी नव्वद दिवसांऐवजी चौदा वर्षांहून अधिक काळ चालली, पंचेचाळीस किलोमीटर फिरली, आणि जून २०१८ मध्ये एका धुळीच्या वादळात तिचा आवाज बंद पडला.

‘स्पिरिट’ची कथा अधिक हृद्य आहे. जेथे एक मोठी नदीची घळ येऊन मिळते अशा विवरात तिला सरोवराच्या आशेने उतरविले होते. पण तिला आढळला तो लाव्हारसाचा काळा खडक. पुढे २००६ साली तिचे एक पुढचे चाक बंद पडले. ते चाक फरफटत ती उलट्या दिशेने चालू लागली. मे २००७ मध्ये त्या फरफटत्या चाकाने जमीन उकरली, तेव्हा लाल धुळीखालून पांढरीशुभ्र माती वर आली. तपासता ती जवळजवळ शुद्ध सिलिका निघाली. पृथ्वीवर अशी सिलिका उष्ण पाण्याचे झरे किंवा ज्वालामुखीची वाफ असते तेथे साचते. धडधाकट चाकांना जे दिसले नव्हते ते पांगळ्या चाकाने दाखविले.

मे २००८ मध्ये ‘फीनिक्स’ हे यान उत्तर ध्रुवाकडील मैदानात उतरले. त्याच्या यांत्रिक हाताने चर खणला, तो तळाशी पांढरे खडे चमकले. चार दिवसांत ते नाहीसे झाले. कापूर जसा न वितळता हवेत उडून जातो तसे ते उडाले. मीठ असते तर राहिले असते. ते बर्फच होते.

ऑगस्ट २०१२ मध्ये ‘क्युरिऑसिटी’ ही मोठी गाडी १५४ किलोमीटर व्यासाच्या गेल नावाच्या विवरात उतरली. काही आठवड्यांतच तिला गोलसर झालेल्या गोट्यांचा एकत्र सांधलेला थर दिसला. वाऱ्याने एवढे गोटे वाहून नेता येत नाहीत. ते घोट्यापासून कमरेपर्यंत खोल अशा ओढ्यात घासले गेले होते. २०१३ साली तिने खडकाला भोक पाडून भुकटी काढली, ती लाल नव्हे तर करडी निघाली, आणि तीत चिकणमातीची खनिजे भरपूर होती. येथील पाणी आम्ल नव्हते, फार खारेही नव्हते. आपण प्यालो असतो तरी चालले असते, अशा प्रतीचे ते होते. २०२२ साली विवरातील डोंगर चढताना तिला सरोवराच्या लाटांनी गाळावर उमटविलेल्या वळ्या आढळल्या. तळ्याच्या काठी ज्या वळ्या आपण रोज पाहतो, त्याच येथे दगड होऊन राहिल्या होत्या.

मंगळाची भूमी बहुतांशी बसाल्ट खडकाची आहे. बेळगावपासून माळव्यापर्यंत पसरलेला दख्खनचा काळा पाषाण त्याच जातीचा. म्हणूनच बुलढाणा जिल्ह्यातील लोणारचे विवर, जे अशाच बसाल्टात आघाताने घडले आणि ज्यात आज सरोवर आहे, मंगळाच्या अभ्यासकांना मोलाचे वाटते. तेथील विवरे समजून घेण्यासाठी ते येथील विवर पाहावयास येतात.

पाणी गेले कोठे?

एवढे पाणी होते, तर ते गेले कोठे? ह्या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही. कारण ते एका वाटेने गेले नाही.

पहिली वाट आकाशाची. पृथ्वीच्या पोटात अजूनही तप्त धातू खळबळत आहे आणि त्यामुळे तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्राचे कवच आहे. मंगळ लहान, त्याचे अंतरंग लवकर निवले आणि सुमारे चारशे कोटी वर्षांपूर्वीच त्याचे ते कवच गेले. मग सूर्यापासून निघणाऱ्या विद्युत्भारित कणांच्या झोतांनी त्याची हवा हळूहळू ओरबाडून नेली. सूर्याच्या अतिनील किरणांनी बाष्पाचे घटक विलग होत, आणि हलका हायड्रोजन ग्रहाच्या दुबळ्या गुरुत्वाकर्षणातून निसटून जाई. ह्याचा पुरावा हिशेबाच्या वहीसारखा शिल्लक आहे. हायड्रोजनचा एक जड भाऊ असतो, ड्युटेरियम. तो सहजासहजी निसटत नाही. मंगळावरच्या पाण्यात त्याचे प्रमाण पृथ्वीच्या पाच-सहा पटींनी अधिक आहे. तांदूळ पाखडल्यावर जड खडे सुपात राहावेत तसे ते राहिले. आणि खड्यांवरून किती तांदूळ गेले याचा अंदाज बांधता येतो. १९१३ नव्हे, तर अगदी आपल्या डोळ्यांदेखत, ५ नोव्हेंबर २०१३ रोजी श्रीहरिकोट्याहून निघून २४ सप्टेंबर २०१४ रोजी मंगळाच्या कक्षेत पहिल्याच प्रयत्नात पोचलेल्या भारताच्या मंगळयानावर ह्याच दोन भावांचे प्रमाण मोजण्यासाठी एक उपकरण होते. सहा महिन्यांसाठी योजलेले ते यान २०२२ पर्यंत संपर्कात राहिले.

दुसरी वाट भूमीची. पुष्कळ पाणी चिकणमातीच्या आणि क्षारांच्या खनिजांत बांधले जाऊन दगडच झाले. तिसरी वाट बर्फाची. दक्षिण ध्रुवावरील बर्फ वितळला, तर साऱ्या ग्रहावर सुमारे अकरा मीटर खोल पाणी पसरेल, असे रडारच्या मोजणीवरून दिसते. आणि चौथी वाट कदाचित पाताळाची. २०१८ ते २०२२ ह्या काळात ‘इनसाइट’ यानाने मंगळाचे भूकंप टिपले. त्या लहरींच्या वेगावरून, अकरा ते वीस किलोमीटर खोलीवरील खडकांच्या भेगांत आजही द्रवरूप पाणी असावे, असे अनुमान काही शास्त्रज्ञांनी २०२४ साली मांडले. तेथवर खणणे आपल्या आवाक्यात नाही.

एक कोडे मात्र सुटलेले नाही. त्या प्राचीन काळी सूर्याचे तेज आजच्यापेक्षा सुमारे एक-चतुर्थांशाने कमी होते. मग त्या थंड ग्रहावर नद्या वाहिल्या तरी कशा? दाट हवेने ऊब धरून ठेवली असावी, असे काही म्हणतात. काहींच्या मते मंगळ बहुतेक काळ गोठलेलाच होता. ज्वालामुखींच्या उद्रेकाने किंवा उल्कांच्या आघाताने अधूनमधून बर्फ वितळे, आणि तेवढ्यापुरते पूर येत. दोन्ही बाजूंना पुरावे आहेत.

घाईचे निष्कर्ष

लोवेल यांची खोड विसाव्या शतकाबरोबर संपली नाही. १९९६ साली अंटार्क्टिकात मिळालेल्या एका मंगळाच्या दगडात सूक्ष्मजीवांचे अवशेष असावेत, असे जाहीर झाले आणि जगभर खळबळ उडाली. पुढे त्यातील प्रत्येक खुणेला निर्जीव कारणही सापडले, आणि बहुतेक अभ्यासकांनी तो दावा मान्य केला नाही. मंगळाच्या उतारांवर उन्हाळ्यात काळसर ओघळ दिसतात; ते खाऱ्या पाण्याचे असावेत, असे २०१५ साली सांगण्यात आले. २०१७ साली ते कोरड्या वाळूचे घसरणे असावे, असे दुसऱ्या मोजणीने दाखविले. २०१८ साली दक्षिण ध्रुवाच्या बर्फाखाली दीड किलोमीटरवर एक सरोवर असल्याचे इटालियन शास्त्रज्ञांनी रडारवरून सांगितले; तो वाद अजून मिटलेला नाही.

ह्या मागे घेतलेल्या पावलांमुळे कोणी विज्ञानाला हसू नये. जो आपली चूक आपणच शोधून चारचौघांत कबूल करतो, त्याच्या उरलेल्या शब्दावर विश्वास ठेवावयास हरकत नसते. नद्या होत्या, सरोवरे होती, हे विधान अशाच अनेक चाचण्यांतून टिकून उरलेले आहे. म्हणून त्याचे वजन.

बंद नळ्या

१८ फेब्रुवारी २०२१ रोजी ‘पर्सिव्हरन्स’ ही गाडी येझेरो नावाच्या विवरात उतरली. अनेक स्लाव्ह भाषांत ह्या शब्दाचा अर्थच सरोवर असा आहे. पंचेचाळीस किलोमीटर रुंदीच्या ह्या विवरात एके काळी नदी येऊन मिळत होती, आणि जेथे ती सरोवराला मिळे तेथे गाळाचा त्रिभुज प्रदेश आजही पंख्यासारखा पसरलेला आहे. गाळ हा उत्तम राखणदार. जे त्यात पुरले जाते ते तो दीर्घकाळ जपतो.

जुलै २०२४ मध्ये सरोवराकडे येणाऱ्या प्राचीन नदीच्या घळीत ह्या गाडीला एक तांबूस मातकट खडक भेटला. त्यावर बिबट्याच्या अंगावर असतात तसे, काळ्या कडेचे फिकट ठिपके होते. त्यांत लोह, फॉस्फरस आणि गंधक यांची अशी खनिजे आढळली की, पृथ्वीवर चिखलातील सूक्ष्मजीव सेंद्रिय द्रव्यावर जगताना ती बनवितात. सप्टेंबर २०२५ मध्ये ह्याविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील भाषा जपून वापरलेली आहे: ही जीवसृष्टीची संभाव्य खूण आहे, परंतु जीवावाचून, केवळ रासायनिक क्रियेनेही ती उमटू शकते. कोणते खरे, हे त्या गाडीवरील उपकरणांना सांगता येणार नाही. त्यासाठी तो दगड पृथ्वीवरील प्रयोगशाळेत यावयास हवा.

त्या खडकाचा एक तुकडा गाडीने कापून नळीत बंद करून ठेवला आहे. अशा आणखी नळ्याही भरलेल्या आहेत; त्यांतील दहा तर जानेवारी २०२३ पर्यंत मंगळाच्या जमिनीवर मांडून ठेवण्यात आल्या. त्या परत आणण्याची योजना मात्र खर्चाच्या ओझ्याखाली अडखळली आहे. त्या कोण आणील आणि केव्हा, हे आज कोणी ठामपणे सांगू शकत नाही.

आणि तरी ह्या नळ्यांत जो प्रश्न बंद आहे तो लहान नाही. पाणी, ऊब आणि माती मिळाली की जीवन आपोआप अंकुरते काय? की पृथ्वीवर जे घडले ते विरळात विरळ होते? एकच ग्रह पाहून ह्याचे उत्तर देता येत नाही. त्या दगडात जीवाची खूण निघाली, तर सृष्टीत आपण एकटे नव्हतो असे कळेल. न निघाली, तर पाणी असूनही जे तेथे झाले नाही ते येथे झाले, ह्याचे मोल आपल्याला अधिक उमगेल. दोन्ही उत्तरे ऐकण्याजोगी आहेत.

तोवर ती नळी त्या आटलेल्या नदीच्या मुलखात वाट पाहील. आणि इकडे आपण, जेव्हा विहिरीतून बादली वर ओढू किंवा पहिल्या पावसाने ओढा खळाळताना ऐकू, तेव्हा एवढे आठवावे की, शेजारच्या घरीही हा आवाज एके काळी होता, आणि आता तेथे केवळ वाऱ्याचा आवाज उरला आहे.